टाळाला दोन हात लागतात

या, जवळ सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, आणि महाराजांची गाडी दुर्ग स्टेशनाला लागायची आहे अजून. तोवर एक गोष्ट सांगते. गोष्ट दातांची आहे, पण देवाला सोडून नाही. एकच अट आहे, ऐकताना मधे कोणी "हो जी" म्हणायचं नाही. कावून, ते पुढं कळेलच.

आमच्या भिलाईतल्या रिसालीच्या भजनमंडळात बळीरामभाऊ गिऱ्हेपुंजे आहेत. मूळ भंडाऱ्याकडचे. एकतीस वर्षं स्टील प्लांटच्या रेल मिलमधे ठेकेदाराच्या हाताखाली राबले. कायम नोकरी नव्हती, म्हणून प्लांटच्या दवाखान्याचं पुस्तक त्यांना कधी मिळालं नाही. त्यांच्याकडे होतं ते सरकारी इलाजाचं कार्ड. घरातल्या सगळ्यांची नावं त्या एका कार्डावर, आणि सगळ्यांत वर मुखिया म्हणून बळीरामभाऊंचं.

मंडळात मात्र त्यांना मोठा मान. कीर्तनात महाराज बोलतात तेव्हा मागून कोणीतरी हुंकारी द्यावी लागते, नाहीतर बोलणाऱ्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. ती हुंकारी बळीरामभाऊंची. महाराजांचं वाक्य संपलं, श्वास घ्यायला ते थांबले, की मागून येणार, "हो जी." दुःखाचा प्रसंग असला तर खालच्या सुरात, देव प्रकट झाला तर वरच्या. एक महाराज म्हणाले होते, बळीरामबुवा नसले की माझी कथा लंगडते.

आता सवय म्हटली की ती कीर्तनापुरती राहत नाही. स्टेशनवर बाई माइकवरून सांगते, गाडी तीन घंटे देरी से आएगी, तर हे म्हणणार, "हो जी." भाजीवाला म्हणाला, काका, गिलकी चाळीस रुपये पाव, तर "हो जी." म्हणून भाजीला तुळसाबाई स्वतः जातात. तुळसाबाई म्हणजे त्यांच्या मालकीण. त्या म्हणतात, "लग्नाच्या वेळी माह्या बापानं इचारलं, पोरगी पसंत हाय का. हे म्हणले, हो जी. आजवर मले समजलं नाई का पसंत होती म्हणून म्हणले, का सवय म्हणून."

यांची नात भूमिका. तेरा वर्षांची, आठवीत. मुलगा-सून दोघंही दिवसभर कामावर, त्यामुळे पोरगी आजी-आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. गळा असा की पेटीवाल्यानं सूर शोधत यावं. वरचे दात मात्र फार पुढं आलेले, ओठ मिटायचे नाहीत. शाळेत कोणी काय म्हटलं ते तिनं घरी सांगितलं नाही, पण सहावीपासून उजवा हात तोंडावर गेला तो गेला. बोलताना हात, हसताना हात. घरात एक फोटो सापडायचा नाही ज्यात या पोरीची हनुवटी दिसेल.

आणि एका गुरुवारी तिनं आपले टाळ आजोबांपुढं आणून ठेवले.

"आबाजी, हे दुसऱ्या कोणाले द्या."

"कावून वो? माघात सप्ताह हाय. तू तं समोरच्या ओळीत हाय या वर्षी."

"टाळाले दोन हात लागतात, आबाजी."

एवढंच बोलली आणि आत गेली. बळीरामभाऊ तिथंच बसून राहिले. त्या दिवशी ते "हो जी" म्हणाले नाहीत, असं तुळसाबाई सांगतात. टाळ त्यांनी कोणाला दिले नाहीत. फडक्यात गुंडाळून आपल्या झोळीत ठेवले, आणि झोळी तर त्यांच्या खांद्यावर बारा महिने.

त्या वर्षी असं होतं, की दातांच्या तारा कार्डावर बसत होत्या. रुआबांध्याच्या रस्त्यावर डॉक्टर अरुणकुमारांचा दवाखाना होता. भला माणूस. भिलाईतच वाढलेला, हिंदी आपल्यासारखीच बोलायचा. त्यांच्याकडे कार्डाची वेगळी खिडकी होती आणि खिडकीत प्रेरणा नावाची मुलगी बसायची. बावीस-तेवीस वर्षांची, छत्तीसगढी घरातली, समोर कॉम्प्युटर, बाजूला स्टीलचा डबा.

डॉक्टरांनी भूमिकाला तपासलं आणि सांगितलं, तार लगेगी, दो साल. प्रेरणानं कागद भरले आणि बळीरामभाऊंना समजावलं, "दादाजी, कार्ड पे तार सुंदर दिखने के लिए नहीं मिलती. तकलीफ हो तभी मिलती है. ऊपर से फोन आएगा, पूछेंगे. आप ठीक से बता देना."

बळीरामभाऊ म्हणाले, "हो जी."

आता तुम्ही ओळखलंच असेल. पण ऐका तरी.

फोन आला तो दुपारी. तुळसाबाई दळण आणायला गेलेल्या. बळीरामभाऊ ओसरीवर चिंचेच्या कोळानं मंडळाचे टाळ घासत बसले होते, हात कोपरापर्यंत आंबट. करंगळीनं फोन सुरू केला आणि मांडीवर ठेवला. पलीकडे बाईचा आवाज. नंतर ते सांगत होते, "काय सांगू, आवाजात सूर होता. आन् वाक्य संपलं का थांबे. बरोब्बर जागेवर थांबे." कीर्तनात वाढलेल्या माणसापुढं कोणी जागेवर थांबलं, तर त्यानं करायचं काय?

"भूमिका आपकी पोती है?"

"हो जी."

"बच्ची खाना ठीक से खा लेती है?"

"हो जी."

"बोलने में कोई परेशानी तो नहीं?"

"हो जी."

"यानी तार सिर्फ दिखने के लिए लगवा रहे हैं?"

"हो जी."

"तो दादाजी, हम यह केस बंद कर दें?"

बळीरामभाऊंना वाटलं, कथा समाप्तीला आली. त्यांनी हुंकारी नेहमीपेक्षा लांब ओढली आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "हो जीऽऽ महाराज."

संध्याकाळी तुळसाबाईंनी विचारलं, "काय म्हणे बाई?"

"मोठी गोड बोलते. पुरी गोष्ट आयकून घेतली मी."

तीन दिवसांनी आम्ही सगळे दवाखान्यात गेलो, तर प्रेरणानं कॉम्प्युटरवर कार्डाचं पान उघडलं. मग हळूच म्हणाली, "दादाजी, आपने तो खुद मना कर दिया."

तुळसाबाईंनी तिथंच, डॉक्टरांच्या बाकावर बसून, नवऱ्याचं कीर्तन केलं. "एकतीस वर्षं त्या सुपरवाइजरले हो जी म्हणू म्हणू डबल ड्यूट्या केल्या. भाजीवाल्याले हो जी. आता पोरीच्या दातालेई हो जी. तुमी देवाघरी गेले तं यमाले काय म्हणान?"

बळीरामभाऊंच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

भूमिका बाजूला बसून बिस्किट खात होती. खात होती म्हणजे, बिस्किट तोडून, पाण्यात बुडवून, तो लगदा गालात ठेवून गिळत होती, डावा हात आडवा धरून. प्रेरणा ते बघत होती. आपला डबा उघडून तिनं पोळीचा तुकडा पुढं केला. "इसे काट के दिखा." भूमिकानं मान हलवली. प्रेरणा खिडकीबाहेर आली, तिच्या कानाशी काहीतरी बोलली, भूमिका काहीतरी बोलली, आणि प्रेरणा परत जाऊन बसली. आम्हाला कोणालाच तिनं काही सांगितलं नाही.

"केस मैंने अभी पूरा बंद नहीं किया है," ती म्हणाली. "पंधरा दिन के अंदर सुनवाई माँग सकते हैं. कागज मैं बना देती हूँ. दुर्ग जाना पड़ेगा, बच्ची को लेकर. और दादी..." तिनं बळीरामभाऊंकडे पाहिलं. "दादाजी को जरा सँभाल लेना."

डबा तसाच झाकून ती कागद करत बसली. पोळी थंड झाली असेल.

सुनावणी होती दुर्गमधे, पद्मनाभपुरच्या एका हॉलमधे. आदल्या संध्याकाळी तुळसाबाईंनी नवऱ्याला देवापुढं बसवलं.

"उद्या मौन धरा."

"मौन कायचं?"

"देवाचं. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत. एक अक्षर नाई. मानई हलवाची नाई. धरता का?"

"हो जी," बळीरामभाऊ म्हणाले, आणि संकल्प झाला. मी तिथंच होते म्हणून सांगते, देवापुढं हात जोडून झाला. तसा संकल्प आमच्या बळीरामभाऊंनी कधी मोडलेला नाही. उपासाच्या दिवशी चुकून शेंगदाणा तोंडात गेला तर ते पुढचे दोन दिवस उपास धरतात.

ऑटोत आम्ही चौघं. मी गेले कारण तो हॉल मला ठाऊक होता. बळीरामभाऊ समोर ऑटोवाल्याजवळ. तो बिचारा बोलका होता, रस्ताभर सांगत राहिला, पेट्रोल महाग, सवारी कमी, पोरगा ऐकत नाही. प्रत्येक वाक्याला थांबत होता. थांबला की बळीरामभाऊ मांडीवरची झोळी घट्ट आवळत होते. उतरताना ऑटोवाला तुळसाबाईंना म्हणाला, "आजी, बाबा नाराज हैं क्या?"

हॉलमधे चाळीसेक माणसं. कोणाचा पाय, कोणाचा डोळा. टेबलामागं तपासणीचे डॉक्टर, केवलराम साहेब. चष्मा, शर्टच्या खिशात छोटी टॉर्च, चेहरा सकाळपासून माणसं ऐकून थकलेला. आमचं नाव आलं. साहेबांनी कागद पाहिले, मग बळीरामभाऊंना पाहिलं.

"मुखिया आप हैं?"

बळीरामभाऊ देवळातल्या खांबासारखे उभे.

"मौन है साहब उनका," तुळसाबाई म्हणाल्या. "भगवान का."

"मौन?" साहेबांनी चष्मा काढला. "फोन पर तो मौन नहीं था. रेकॉर्डिंग है मेरे पास." आणि त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

बाईचा गोड आवाज आला, आणि मागून बळीरामभाऊंचा. हॉलमधे आवाज घुमत होता. पहिली "हो जी" झाली तेव्हा दोघंतिघं वळून बघू लागले. तिसरीला मागच्या बाकावरची एक म्हातारी खुदकन हसली. "केस बंद कर दें?" आणि त्यावर ती लांबलचक "हो जीऽऽ महाराज" आली, तेव्हा पायाला प्लास्टर बांधलेला माणूससुद्धा हसत होता. साहेबांचा ओठ हलला. बळीरामभाऊ लाल झाले, पण बोलले नाहीत.

भूमिकाही हसली. हात तोंडावर होताच, आता दुसराही वर गेला.

साहेब तिच्याकडे वळले. "बेटा, तुम बताओ. तकलीफ है?"

तिनं मान हलवली. नाही.

तुळसाबाईंनी कपाळाला हात लावला. "एकाचं तोंड बंद केलं तं दुसरी नाई म्हणून राहिली."

"अच्छा, हाथ हटाओ. मुँह खोलो. आ करो."

हात हलेना. चाळीस लोक मागं बसलेले, सगळे आत्ताच हसलेले, सगळ्यांच्या माना इकडे. साहेब थांबले. अर्धं मिनिट नीट थांबले, दुसरा कोणी थांबला नसता. पुन्हा म्हणाले, "बेटा, देखे बिना मैं क्या लिखूँ?" हात तिथंच. डोळ्यांत पाणी आलं पण हात तिथंच. साहेबांनी सुस्कारा सोडून पेन उचललं.

तेव्हा बळीरामभाऊंनी झोळीत हात घातला.

फडकं सोडलं, टाळ काढले आणि साहेबांच्या फायलीवर ठेवले. चिंचेनं घासलेले, असे लखलखत होते. साहेब म्हणाले, "ये क्या है?" ज्याला उत्तर द्यायचं होतं त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं दोरी नातीपुढं धरली आणि धरूनच उभा राहिला. दोरी जरा हलवली, तसे टाळ किणकिणले.

भूमिका टाळांकडे बघत राहिली. मग डावा हात पुढं आला. एक टाळ तिनं घेतला. दुसरा आजोबांच्या हातात लोंबत होता. एका हातात दोन टाळ काही वाजत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

उजवा हात खाली आला.

एक ठोका पडला. आमच्याकडे असं आहे, की पहिला ठोका टाळकऱ्याचा आणि गजर उचलतात बळीरामभाऊ. पोरगी थांबली, सवयीनं वाट बघत. बळीरामभाऊंनी ओठ आवळले. दुसरा ठोका पडला. कोणी उचलेना. तिसऱ्या ठोक्याला पोरीनं स्वतःच उचललं. रामनाम. आधी लहान आवाजात, मग तो आवाज त्या हॉलच्या पंख्यांपर्यंत गेला. आणि बघा देवाची करणी, रामाचं नाव घ्यायचं तर तोंड उघडावंच लागतं. डॉक्टर ज्याला "आ करो" म्हणतात ते त्या नावात पहिल्यापासून आहे.

केवलराम साहेब खुर्चीतून उठले. खिशातली टॉर्च काढून टेबलाला वळसा घालून आले. "रुकना मत," ते म्हणाले. "एक बार फिर. और लंबा."

तिनं राम लांबवला. साहेब वाकून, मान तिरकी करून आत बघत होते. "फिर से." तिनं पुन्हा म्हटलं. मागच्या बाकांवरची माणसं टाळीवर आली होती, प्लास्टरवाला चांगल्या पायानं ठेका धरत होता. इतक्या माणसांसह दात तपासून घेणारी पोरगी छत्तीसगढमधे दुसरी नसेल.

टॉर्च विझली. साहेबांचा आवाज आता वेगळा होता. "नीचे के दाँत ऊपर तालू में गड़ रहे हैं. घाव है. डॉक्टर ने लिखा भी है. कब से है, बेटा?"

"दो साल."

"खाती कैसे हो?"

"भिगो के."

"घर में किसी को बताया?"

भूमिकानं आजोबांकडे पाहिलं आणि मराठीतच बोलली. "सांगतलं असतं तं आबाजी हो जी म्हणले असते."

तुळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बळीरामभाऊ जमिनीकडे बघत राहिले, आणि मला वाटतं, त्या दिवसाचं खरं मौन तिथून सुरू झालं.

साहेब जागेवर बसले, चष्मा लावला, लिहायला लागले. मग अडले. "मुखिया की सहमति चाहिए. पिछली बार मना किया था, इस बार हाँ बोलना पड़ेगा. बोलिए दादाजी, तार लगवानी है?"

आणि ते वाक्याच्या शेवटी, बरोब्बर जागेवर, थांबले.

सगळा हॉल बळीरामभाऊंकडे बघत होता. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. हात खिडकीकडे गेला. खिडकीत सूर्य, चांगला हातभर वर.

"म्हणा ना आता," तुळसाबाई दात आवळून म्हणाल्या. "अख्खा जनम म्हणले."

त्यांनी हात जोडले, आधी साहेबांना, मग खिडकीला. कपाळावर घाम.

"मीच सांगतलं होतं मौन धरा म्हणून," तुळसाबाई साहेबांना म्हणाल्या. "आता मीच सांगून राहिली का सोडा, तं आयकत नाई. देवाले शब्द देला म्हणते. माह्या शब्दाचं काई नाई."

साहेब म्हणाले, "अम्मा, आप नहीं चलेंगी. जिसका घर, उसकी हाँ. या फिर जिसके दाँत."

भूमिका उभी होती. दोन्ही हातांत टाळ. तिनं मान वर केली, आणि हुंकारी दिली. बळीरामभाऊ देतात तशीच, वाक्य संपल्यावर, एका श्वासाच्या अंतरानं, वरच्या सुरात.

"हो जी."

साहेबांनी लिहिलं. बळीरामभाऊंचा अंगठा मशीनवर टेकवला. अंगठ्याला बोलायची बंदी नव्हती. हिरवा दिवा लागला.

परतताना रिसालीच्या वळणावर सूर्य बुडाला. ऑटोवाला तोच होता, तेच पेट्रोल सांगत होता. आणि समोरून एकदम आवाज आला, "हो जी." ऑटोवाला दचकला. ते त्याला नव्हतं. साहेबांनी तासाभरापूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं. मग बळीरामभाऊ मागं वळले आणि नातीला म्हणाले, "आता काई दुखलं तं मले सांगजो. मी आधी इचारीन, मग म्हणीन."

आणि खरंच, आता ते आधी विचारतात. भाजीवाला भाव सांगतो, हे म्हणतात, "काय म्हणलं?" तुळसाबाई म्हणतात, याच्यापेक्षा पहिलं बरं होतं, आता एका वाक्याले चार वेळ लागते.

तारा बसल्या. पहिला आठवडा पोरीनं नुसती पातळ खिचडी खाल्ली आणि आजीशी भांडली. माघाच्या सप्ताहात समोरच्या ओळीत उभी राहिली. दिव्यांचा उजेड त्या तारांवर पडला की असा चमके, की महाराज एकदा कथेत विसरले, कुठं होतो म्हणाले. मागून नुसता हशा. भूमिकाही हसली, आणि हात टाळांत होते.

सप्ताहाच्या काल्याचा प्रसाद घेऊन आम्ही रुआबांध्याच्या दवाखान्यात गेलो. खिडकी बंद होती. कार्डावरून तारांचं काम निघालं होतं, म्हणून बोर्डही निघाला होता. भूमिकाचं आधी मंजूर झालेलं, ते राहिलं. प्रेरणा कुठंशी गेली. डॉक्टर अरुणकुमार म्हणाले, रायपूरला असेल, नंबर बदलला. प्रसाद आम्ही त्या बंद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आलो. तिला कीर्तन ठाऊक नव्हतं, आमचं मंडळ ठाऊक नव्हतं. डबा झाकून ठेवून तिनं एका परक्या पोरीचे कागद केले, आणि कानात ऐकलेलं पोरीनं स्वतः सांगेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

ते बघा, महाराज आले. उठा, टाळ घ्या. पहिला ठोका देवाच्या नावानं वाजवा. दुसरा वाजवाल तेव्हा तेवढी प्रेरणाची आठवण काढा.